दीर सुटलाय

मास्तरांची नवी कवळी जरा सैल बसली होती. तेवढ्या कारणावरून एका सरळमार्गी माणसाला तुरुंगवास घडला, आणि तोही उलट्या क्रमाने, म्हणजे आधी सुटका आणि मग चौकशी. पण गोष्ट कवळीपासून सुरू केली तर मास्तर ते जन्मभर धरून बसतील, म्हणून आपण खुर्चीपासून सुरू करू.

खुर्ची सोफाताईच्या कारखान्यात मधोमध उभी होती, अंगावर जुनी चादर घेऊन. कारखाना म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक लांबट खोली. भिंतीला टेकवलेली कापडाची भेंडोळी, कोपऱ्यात फोमचे तुकडे, आणि वर जिना चढून राहायचं घर. जुने सोफे आणि खुर्च्या इथे फाटक्या येत आणि नव्या होऊन जात. नवराबायको दोघं मिळून हे काम करत, म्हणून चर्चच्या मंडळींनी त्याला सोफादादा आणि तिला सोफाताई करून टाकलं होतं. खरी नावं आता फक्त बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर उरली होती.

हे काम एकट्याचं नव्हे. कापड दोन्ही हातांनी ताणून धरायला एक माणूस लागतो आणि ते चौकटीवर ठोकायला दुसरा. ठोकायचे ते बारीक खिळे, त्यांना चुका म्हणतात, आणि हात मोकळे नसतात म्हणून त्या ओठांत धरतात. सोफादादा ताणायचा, सोफाताई ठोकायची. "आमच्याकडे चुका सगळ्या बायकोच्या तोंडात," असं तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा आणि स्वतःच हसायचा. तिला उत्तर द्यायची सोय नव्हती, कारण तोंडात खरोखरच चुका असत. हा विनोद इतक्यांदा ऐकून तिला त्याचा वीट आला होता. आता आठ महिने झाले, तो कुणी केला नव्हता, आणि एकदा तरी पुन्हा कानावर पडावा म्हणून तिचा जीव तुटायचा.

सोफादादा गेला तो याच खुर्चीच्या कामात. चर्चमध्ये वेदीशेजारी पाळकसाहेबांनी बसायची ही उंच पाठीची खुर्ची. बैठकीवर गोणपाट चढवून झालं होतं, वरचं कापड तेवढं राहिलं होतं. एका सकाळी त्याला घाम फुटला, तो खुर्चीला टेकून खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. तेव्हापासून खुर्ची चादरीखाली आणि पाळकसाहेब प्लास्टिकच्या खुर्चीवर. ती प्लास्टिकची खुर्ची नेमकी शांत प्रार्थनेच्या वेळी कुरकुरायची, आणि सगळी मंडळी डोळे न उघडता ठरवून टाकायची की सोफाताईला इतक्यात काही विचारायला नको.

सोफाताई दर रविवारी चर्चला जायची. गीत सुरू झालं की तोंड उघडायची, प्रार्थना सुरू झाली की डोळे मिटायची, आणि आत काहीच नसायचं. लहानपणापासून ती देवाशी बोलत आली होती, सुईत दोरा ओवताना, जिना झाडताना, कापड कमी पडलं तर जरा चढ्या आवाजात. ते बोलणंच बंद पडलं होतं. भांडण झालं असतं तरी परवडलं असतं, कारण भांडणात निदान दोघं असतात.

कामंही एकेक करून परत गेली. एकटीने कापड ताणायला घेतलं तर ठोकायला हात उरेना, ठोकायला घेतलं तर ताण जाई. गुडघा लावून पाहिला, दात लावून पाहिले. एकदा तर सोफ्याचं कापड दाराच्या कडीला बांधून ताणलं, तेव्हा कडीच निघून आली. त्या दिवशी ती कडी हातात घेऊन खाली बसली आणि तिला वाटलं, झालं, आता पुरे. शेजारच्या रंगाच्या दुकानदाराला खोली हवीच होती, डबे ठेवायला. तिने त्याला सांगून टाकलं की शनिवारी येऊन किल्ली घेऊन जा. मग बहिणीकडे जायचं, तिच्या मागच्या खोलीत खिडकीशी बसायचं आणि कुणाला त्रास द्यायचा नाही. त्याच्या पुढचा विचार ती करत नव्हती, कारण त्याच्या पुढे तिला काही दिसतच नव्हतं.

मंगळवारी पाळकबाईंचा फोन आला.

"सोफाताई, जेवलात का?"

"जेवले," सोफाताईने थाप मारली.

"खुर्चीचं मी विचारत नाहीये," पाळकबाई म्हणाल्या, म्हणजे त्या खुर्चीचंच विचारत होत्या.

"घेऊन जा हो तो सांगाडा. शनिवारी मी किल्ली देऊन टाकतेय. मला आता नाही जमत." एवढं बोलून ती थांबणार होती, पण पुढचं आपोआप आलं. "माझा धीर सुटलाय, बाई."

 पाळकबाईंना उपदेश करता येत नसे आणि हाच त्यांचा मोठा गुण होता.

"साखळीत टाकू का?" त्यांनी विचारलं.

"टाका. नाहीतरी मला स्वतःला मागता येत नाहीये."

आता ही साखळी म्हणजे काय ते सांगायला हवं. मंडळीतल्या कुणाला काही संकट आलं की त्याने पाळकबाईंना सांगायचं. पाळकबाई मास्तरांना फोन करणार, मास्तर बेकरीवाल्या मावशींना, मावशी पुढच्या घरी, आणि असं करत करत संध्याकाळपर्यंत सगळी घरं त्या एका माणसासाठी प्रार्थना करणार. नियम एकच होता, पण कडक होता. निरोप एका वाक्याचा आणि उलटी चौकशी करायची नाही. पूर्वी चौकशीची मुभा होती, तेव्हा कुणाच्या तरी दुखऱ्या गुडघ्याचा शेवटच्या घरी पोचेपर्यंत कापलेला पाय झाला होता. लोक कुबड्या घेऊन भेटायला आले होते. त्यानंतर पाळकबाईंनी हा नियम केला आणि गैरसमजाचा प्रश्न कायमचा मिटला, असं त्यांना वाटत होतं.

त्यांनी मास्तरांना शब्द न् शब्द बरोबर सांगितला. मास्तरांनीही तो बरोबर ऐकला. आयुष्यभर मुलांच्या वह्यांतले ध आणि घ लाल शाईने वेगळे करणारा तो माणूस, त्याच्या ऐकण्यात खोट निघणं शक्य नव्हतं. खोट कवळीत होती. कवळी घालून बोलायला गेलं की आधी ती बोलायची आणि मागून मास्तर. म्हणून फोन करताना ते कवळी काढून पेल्यात ठेवत. बिनदातांच्या तोंडातून ध काही निघेना, त्याचा द होऊन बाहेर पडला. ध चा मा झालेला आपण ऐकून आहोत. इथे ध चा द झाला, आणि तोही कुणाच्या मनात काही काळंबेरं नसताना.

"सोफाताईंचा दीर सुटलाय," मास्तरांनी कळवलं. "प्रार्थना करा."

बेकरीवाल्या मावशींच्या हातातला पिठाचा चमचा तसाच राहिला. सुटलाय? कुठून सुटलाय? पण चौकशी करायची नाही हा नियम, आणि मावशी नियमाच्या पक्क्या. त्यांनी चौकशी केली नाही, फक्त विचार केला. विचार करायला बंदी नव्हती. सोफादादाचा एक धाकटा भाऊ होता खरा. स्प्रिंगभाऊ म्हणत त्याला. पूर्वी याच कारखान्यात असायचा, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा, आणि मग एकाएकी दिसेनासा झाला होता. भावाच्या अंत्यविधीला आला तोसुद्धा टोपी डोळ्यांवर ओढून, फाटकापाशीच उभा राहिला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. मावशींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन तासांची रजा मिळाली असणार, आणि फाटकाबाहेर शिपाई उभा असणार. बिचारी सोफाताई, इतकी वर्षं घरातलं हे दुःख गिळून बसली आणि कुणाला कळू दिलं नाही.

त्या संध्याकाळी घरोघर लोकांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी केक घेऊन कारखान्यात हजर. केकवर साखरेच्या अक्षरांत 'स्वागत' लिहिलं होतं, पण मावशी अक्षरांची बाजू स्वतःकडे धरून उभ्या होत्या, त्यामुळे सोफाताईला ते उलटं दिसलं आणि वाचायचा तिला उत्साहही नव्हता.

"देव दयाळू आहे हो," मावशी तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या. "सुटला एकदाचा."

सोफाताईला वाटलं, नवऱ्याबद्दल बोलतायत. गेलेल्या माणसाबद्दल लोक असंच म्हणतात, सुटला बिचारा. आठ महिन्यांनी म्हणायला आल्या, पण आल्या तर खरं.

"तो सुटला," ती म्हणाली. "अडकले मी."

"असं बोलू नका. तुम्ही कशाला अडकाल? त्यात तुमचा काय हात?"

सोफाताईने केक त्यांच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला.

"आणि आता राहणार कुठे? इथेच ना? माणसाला अशा वेळी घर लागतं. पहिले काही दिवस अवघड जातात म्हणे, दार उघडं दिसलं तरी बाहेर पडवत नाही."

"कोणाला?"

"तुमच्या दिराला. सुटलाय ना?"

"कुठून सुटलाय?"

"ते आम्ही विचारत नाही," मावशी समजूतदारपणे म्हणाल्या. "नियम आहे. मास्तरांनी कळवलं, सोफाताईंचा दीर सुटलाय, बस्स. आम्ही कुणीही एका शब्दाने पुढे काही विचारलेलं नाही."

सोफाताईने तो निरोप मनात एकदा म्हणून पाहिला. मग मास्तरांची कवळी तिच्या डोळ्यांपुढे आली. आणि पोटातून काहीतरी वर चढायला लागलं. तिला आधी वाटलं रडू आहे, कारण आठ महिने वर चढेल ते रडूच असे. पण ते हसू होतं. ती खांदे गदगदवून हसू लागली, आवाज फुटेना, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ती नुसती हाताने "नाही, नाही" असं करत राहिली. मावशींनी तिला छातीशी धरलं, आनंदाश्रू म्हणून पाठीवरून हात फिरवला, सुटलेल्या दिरासाठी तिथेच एक दणदणीत प्रार्थना केली आणि भट्टीवर पाव राहिलेत म्हणून त्या लगबगीने निघूनही गेल्या. चूक सुधारायची ती तशीच राहिली.

सोफाताई जमिनीवर, चादर घातलेल्या खुर्चीशेजारी बसली आणि डोळे पुसत वर बघून म्हणाली, "मी धीर म्हटलं होतं. धनुष्यातला ध. दारातला द नव्हे. मास्तरांचं एक जाऊ दे, ते बिनदातांचे. तुला तरी नीट ऐकू आलं ना?"

मग तिच्या लक्षात आलं की ती बोलतेय.

 छताकडून आवाज आला नाही, उजेडही पडला नाही. पण फोनच्या पलीकडे असावं तसं कुणीतरी आहे आणि ऐकतंय, एवढं तिला पक्कं कळलं, जसं पाठ वळवलेली असतानाही नवरा खोलीत आलाय हे कळायचं. आणि आठ महिन्यांचं साठलेलं धडाधड बाहेर पडायला लागलं. तिने देवाला फैलावर घेतलं. माझा माणूस का नेलास, आणि न्यायचाच होता तर काम तरी पुरं करू द्यायचंस. मला एकटीला दोन माणसांचं काम दिलंस आणि हात दोनच ठेवलेस. तू स्वतः सुताराच्या घरचा, तुला हे कळायला नको? तूही वधस्तंभावरून बापाला विचारलंस ना, का टाकलंस म्हणून. मग मी विचारलं तर काय बिघडलं.

विचारून झालं. दुःख काही हललं नव्हतं, जागच्या जागी होतं. फक्त आता त्याच्यापाशी ती एकटी नव्हती. मग तिला भूक लागली, आणि तिने 'स्वागत'मधला 'स्वा' खाल्ला.

गुरुवारी दुपारी दारात स्प्रिंगभाऊ उभा राहिला. काखेत कपड्यांचं गाठोडं, हातात पावांची पिशवी, आणि चेहरा तापलेल्या इस्त्रीसारखा.

"वहिनी," तो म्हणाला, "मी कधी आत होतो?"

इतक्या वर्षांनी दिराने तोंड उघडलं ते या वाक्याने. सोफाताईने ओठ घट्ट मिटून घेतले, कारण हसू पुन्हा वर यायला लागलं होतं.

झालं होतं असं, की तो बसडेपोत बसच्या फाटलेल्या सीट शिवायचं काम करत असे. सकाळी चहाच्या सुट्टीत मंडळीतल्या चार बायका तिथे पोचल्या. शोध काढायला त्यांना चौकशी करावीच लागली, पण ती डेपोत केली, साखळीत नव्हे, म्हणून नियम मोडला नाही. त्यांनी सगळ्यांसमोर त्याला तीन शर्ट, पाव आणि दाढीचं सामान दिलं, झालं गेलं विसरा म्हणाल्या, आणि एक गीत गाऊन निघून गेल्या.

"साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं," स्प्रिंगभाऊ सांगत होता. "म्हणाले, आधी सांगायचं होतंस, आम्ही समजून घेतलं असतं. मी म्हटलं, साहेब, इतकी वर्षं मी इथेच कामाला आहे, रोज सही करतोय, मी आत कधी जाणार? तर म्हणाले, ते मला माहीत नाही, पण तू घरच्यांबरोबर राहा थोडे दिवस, आणि भरपगारी रजा दिली. कँटीनवाला माझ्यावर रोज खेकसतो, त्याने आज चहा आणून दिला. दोन्ही हातांनी."

"भावजी, बसा," सोफाताई कशीबशी म्हणाली, आणि तिने त्याला ध आणि द ची सगळी हकीकत सांगितली. तो ऐकत गेला, तापलेला चेहरा हळूहळू निवत गेला. शेवटी तो हसेल असं तिला वाटलं होतं, पण तो हसला नाही.

"तुमचा धीर सुटला," तो म्हणाला, "आणि मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही बोलत कुठे होतात आमच्याशी?"

"तुम्हीही त्या दिवशी माझ्याकडे पाहिलं नाही. मी फाटकाशी उभा होतो. मला वाटलं, तुम्हाला मी नकोय."

"मी कुणाकडेच पाहिलं नाही त्या दिवशी. माझे डोळे उघडत नव्हते."

हे इतकं साधं होतं आणि त्यात आठ महिने गेले होते. स्प्रिंगभाऊने गाठोडं खाली ठेवलं. "बायकांचं फार काही चुकलं नाही, वहिनी. आतच होतो म्हणायचं मी. खोली ते डेपो, डेपो ते खोली. चर्च सोडलं, दादाला सोडलं. कशावरून, तर स्प्रिंगवरून."

खरंच स्प्रिंगवरून. तो म्हणे, बैठकीत स्प्रिंगच हव्यात. दादा म्हणे, जमाना फोमचा आहे, स्प्रिंग कुरकुरतात आणि दोन दिवस सुतळी बांधत बसावं लागतं. "फोम म्हणजे आळस," असं धाकटा एकदा गिऱ्हाइकासमोर बोलला. "माणूस उठला तरी दबलेलाच राहतो. स्प्रिंग कशी, दाबली की उठते." दादाला ते लागलं, शब्दाने शब्द वाढला, आणि धाकटा हातोडी टाकून जो गेला तो गेलाच. पुढे डेपोत त्याच्या वाट्याला सगळ्या सीट फोमच्या आल्या, हा भाग देवाने मुद्दाम केला असावा.

"ही ती खुर्ची का?" त्याने चादरीकडे बोट दाखवलं.

"घेऊन जा म्हटलंय मी त्यांना."

त्याने चादर काढली. भावाचं शेवटचं काम म्हणून तो आधी नुसताच उभा राहिला. मग कारागिराची सवय, हात आपोआप बैठकीवर गेला आणि त्याने तळव्याने दाब दिला. बैठक दबली आणि उठली.

त्याने पुन्हा दाबून पाहिलं. मग खाली बसून गोणपाटाची एक कड उसवली. सोफाताईही वाकली. आत फोम नव्हता. आत स्प्रिंग होत्या, ओळीने उभ्या, सुतळीने एकमेकींना बांधलेल्या.

"हे कधी केलं यांनी?" सोफाताई पुटपुटली. आणि मग तिला त्या शेवटच्या आठवड्यातली बटणं आठवली. सोफादादा तिला सारखा बाजारात पिटाळत होता, बटणं आण म्हणून. घरात बटणांचे डबे भरलेले असताना. ती चिडून जायची आणि येईपर्यंत गोणपाट चढवलेलं असायचं. गावभर छाती ठोकून फोमचं सांगणारा माणूस, बायकोसमोर स्प्रिंग कशा बांधणार?

स्प्रिंगभाऊ एकेक गाठ बोटाने चाचपत होता. "ही गाठ बघा," तो म्हणाला. "ही काय गाठ झाली? बुटाची लेस बांधल्यासारखी बांधलीये. आणि ही बघा, ही तर सुटलीच आहे. मला विचारायला काय झालं होतं याला? एक निरोप पाठवला असता तर आलो असतो, धावत आलो असतो." तो भावाला रागावत होता आणि त्याच्या नाकावरून पाणी गोणपाटावर टपटपत होतं. त्याने ते पुसलं नाही.

सोफाताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण आतून तिला काहीतरी वेगळंच होत होतं. बुधवारी देवाला ऐकवलेली सगळी फिर्याद तिला आठवली. हात दोनच ठेवलेस, असं म्हणाली होती ती.

"भावजी," ती म्हणाली, "मी धीर मागितला होता."

"हो, ते कळलं मला."

"नाही कळलं. मी धीर मागितला, आणि त्याने दीर पाठवला. आणि मी त्यालाच विचारत होते, नीट ऐकू आलं का म्हणून."

स्प्रिंगभाऊने वर पाहिलं. मग त्याने टोपी काढली आणि बाजूला ठेवली. त्याला प्रार्थना करून किती काळ लोटला होता कुणास ठाऊक, म्हणून सोफाताईच बोलली, आणि थोडक्यात बोलली. "प्रभू, तू बरोबर ऐकलंस. माझंच तुझ्यावर उगाच तोंडसुख घेऊन झालं. हे काम आता तुझ्याच देखरेखीखाली होऊ दे, आणि यांच्या दादाला सांग की गाठी सुधारून घेतोय, रागावू नको." दोघांनी आमेन म्हटलं. धाकट्याचं आमेन जरा घोगरं निघालं, पण निघालं.

शुक्रवार गाठी सोडण्यात आणि पुन्हा बांधण्यात गेला. सोफाताई दोन वेळा व्यवस्थित जेवली. पाळकबाईंनी विचारलं असतं तर खरं सांगता आलं असतं.

शनिवारी सकाळी रंगाचा दुकानदार नवं कुलूप घेऊन आला. कारखान्याचं दार सताड उघडं होतं. आत खुर्ची उजेडात ओढलेली, तिच्यावर गडद निळं कापड पसरलेलं, आणि एक अनोळखी माणूस पाय रोवून ते दोन्ही हातांनी ताणून उभा. सोफाताई गुडघ्यांवर, हातात हातोडी.

"किल्ली घ्यायला आलो होतो," दुकानदार म्हणाला. "आज शनिवार."

सोफाताईने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. डावीकडून उजवीकडे, सावकाश, दोनदा. तोंडाने ती काही बोलली नाही.

"म्हणजे? देणार नाही? आणि बोलत का नाहीत या?"

ताणून धरलेलं कापड न सोडता स्प्रिंगभाऊ म्हणाला, "त्या बोलणार नाहीत. आमच्याकडे चुका सगळ्या वहिनींच्या तोंडात असतात." आणि तो स्वतःच हसला.

सोफाताईची हातोडी हवेतच थांबली. त्याला काय ठाऊक, तिचा जीव कशासाठी तुटत होता. एकाच घरातले दोघं भाऊ, एकाच बापाकडून शिकलेला विनोद असेल. पण तेच शब्द, तोच सूर, हसण्याची तीच घाई. तिच्या गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत आलं. तिने ते वाहू दिलं आणि हातोडी खाली आणली. चूक सरळ बसली.

दुकानदाराला काही समजलं नाही, पण माणूस वाईट नव्हता. कुलूप खिशात घालून तो जरा वेळ बघत उभा राहिला आणि मग, "ही कड सुटतेय हो तुमची," असं म्हणत त्याने कोपऱ्याचं कापड धरलंसुद्धा. तेवढ्यात फोन वाजला. धरायला कुणाचाच हात मोकळा नव्हता, म्हणून त्यानेच एका हाताने उचलून तो सोफाताईच्या कानाशी धरला.

"सोफाताई, जेवलात का?" पाळकबाई म्हणाल्या. "अहो, मला आज कळतंय, काय गोंधळ झाला तो. मास्तर तोंड दाखवत नाहीयेत. मी साखळीत दुरुस्ती टाकते आत्ताच्या आत्ता. नेमकं काय सांगू, ते एका वाक्यात सांगा."

सोफाताई चुकांच्या मधून काहीतरी बोलली.

"काय? नीट ऐकू आलं नाही. धीर आलाय, की दीर आलाय? एकेक अक्षर फोडून सांगा, बाई. यावेळी मी मास्तरांना कवळी घालूनच फोन करायला लावणार आहे."

सोफाताईने दिराकडे पाहिलं. तो दात आवळून ताणत होता, आणि ताण जराही ढळला नव्हता. तिने ओठांतली शेवटची चूक काढली, जागेवर ठेवली, एका घावात ठोकली आणि मोकळ्या तोंडाने म्हणाली, "मास्तरांना सांगा, कवळी काढून केला तरी चालेल."